यंत्राचा आकडा आणि सभासदाची हरकत: सॉफ्टवेअर घडवताना व वापरताना नैतिक निर्णय कसे घ्यावेत

गावच्या दूध संस्थेत सकाळी सहाच्या सुमारास रांग लागते. सभासद किटली पुढे करतो, दुधाचे माप होते, नमुना ॲनालायझरमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन घटकांचे) आकडे पडद्यावर उमटतात आणि त्यांवरून दर ठरून पावती छापली जाते. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस त्या रांगेत कधी उभा राहिलेला नसतो. परंतु गाईच्या दुधाचा फॅट ३.५ ऐवजी ३.४ दिसला तर दर आपोआप कमी करायचा की नमुना पुन्हा तपासण्याची सोय ठेवायची, ही गोष्ट त्यानेच काही महिने आधी, बहुधा कोणाशीही न बोलता, ठरवून टाकलेली असते. माहिती तंत्रज्ञानातील नैतिक निर्णय म्हणजे मला असेच निर्णय अभिप्रेत आहेत. ते मोठ्या तत्त्वचर्चेत क्वचितच होतात. कोणता रकाना सक्तीचा करायचा, कोणता चौकोन आधीच टिक करून ठेवायचा, कोणती नोंद पुसता येईल आणि पडद्यावर कोणते बटण नसेल, अशा बारीकसारीक ठिकाणी ते होऊन जातात.

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: लहान संस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करणारे, आणि ते विकत घेऊन वापरणारे संचालक, सचिव, मुख्याध्यापक किंवा सोसायटीचे पदाधिकारी. उदाहरण मी बहुतेक वेळा दूध संस्थेचेच घेणार आहे, कारण तिथे आकडा आणि माणसाचे पोट यांच्यातले अंतर फार थोडे असते.

आधी तोटा कोणाचा, हे लिहून काढा

कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एक कागद घ्या आणि या प्रणालीशी ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांची यादी करा. पैसे देणारा ग्राहक, म्हणजे संस्था, त्या यादीत असेलच. परंतु दूध घालणारा सभासद, त्याच्या वतीने किटली घेऊन येणारी त्याची आई किंवा मुलगी, नमुना तपासणारा कर्मचारी आणि हिशेब बंद करणारा सचिव हेही त्यात हवेत. मग प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवा: प्रणाली या माणसाच्या विरुद्ध चुकली, तर त्याचे किती रुपये जातील, ते किती दिवसांनी त्याच्या लक्षात येईल आणि ‘हे चूक आहे’ हे तो कोणाला, कशा रीतीने सांगू शकेल? ज्या माणसासमोरची शेवटची जागा कोरी राहते, त्याच्यापासून रचनेला सुरुवात करा.

या एका प्रश्नावर मी इतका भर देतो, त्याचे कारण ब्रिटनमधील एक प्रकरण आहे, आणि संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घेतले पाहिजे असे मला मनापासून वाटते. तिथल्या डाकसेवेच्या बहुतेक छोट्या शाखा सबपोस्टमास्टर म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र चालक आपल्या दुकानासोबत चालवत असत. १९९९ पासून या शाखांत होरायझन नावाची हिशेबप्रणाली बसवण्यात आली. तिची जबाबदारी फुजित्सु या कंपनीकडे होती. शाखेच्या हिशेबात तूट दिसली की ती चालकाने भरून द्यावी असा पोस्ट ऑफिसचा आग्रह असे. सुरुवातीला वादाची रक्कम काही काळ वेगळ्या खात्यात बाजूला ठेवता येत होती. २००५ च्या सुमारास ती सोय काढून टाकण्यात आली. त्यानंतर हिशेबाची मुदत संपताना चालकासमोर रक्कम भरणे किंवा ती मध्यवर्ती खात्याकडे वर्ग करणे एवढेच मार्ग उरले. ‘हा आकडा मला मान्य नाही’ असे सांगणारे बटण त्या पडद्यावर नव्हते. मदतकेंद्राला फोन केला तर अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे, असे उत्तर मिळाल्याचे अनेक चालकांनी नंतर सांगितले.

१९९९ ते २०१५ या काळात या प्रणालीच्या आकड्यांच्या आधारे ९०० हून अधिक लोक चोरी, खोटे हिशेब यांसारख्या गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांनी घर आणि दुकान गमावले. त्यातच १९९९ च्या एका कायद्याने तिथल्या पुरावाविषयक तरतुदींतून संगणक नीट चालत होता हे सिद्ध करण्याची अट काढून टाकली होती. त्यामुळे तो नीटच चालत होता असे गृहीत धरले जाई आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येई. अखेर ५५५ जणांनी मिळून दावा लढवला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत खरोखर दोष होते आणि ते शाखेच्या हिशेबात तूट दाखवू शकत होते, असा निकाल दिला. कंपनीचे कर्मचारी चालकाच्या नकळत दुरून शाखेच्या नोंदी बदलू शकत होते, हेही त्या खटल्यात सिद्ध झाले. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला स्वतंत्र कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

या प्रकरणात सॉफ्टवेअरमध्ये दोष होता ही गोष्ट मला दुय्यम वाटते, कारण दोष प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतात. हरकतीची वाट काढून टाकली गेली, आणि दुरून होणारे बदल ज्याच्या खात्यात होत होते त्याला ते दिसत नव्हते. हे दोन्ही रचनेचे निर्णय होते, आणि ते कोणत्यातरी बैठकीत, कोणत्यातरी सोयीसाठी घेतले गेले होते.

हरकतीची वाट कशी बांधावी

आता दूध संस्थेकडे परत येऊ. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर यांच्यासोबत नमुन्याचा क्रमांक, वेळ आणि यंत्राची ओळख छापा, म्हणजे सभासदाच्या हातात बोलायला आधार राहतो. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ‘आकडा अमान्य’ हे बटण मुख्य पानावरच ठेवा. ते दाबले की नमुना राखून ठेवला जावा, तो दुसऱ्या पद्धतीने, उदाहरणार्थ फॅट मोजण्याच्या प्रयोगशाळेतील गर्बर पद्धतीने, तपासला जावा आणि निकाल लागेपर्यंत त्या वेळच्या दुधाचा हिशेब बिलात ‘वादग्रस्त’ म्हणून वेगळा दिसावा. हरकत नोंदवण्यासाठी सचिवाची परवानगी लागत असेल तर ती सोय केवळ नावाची राहते.

दुरुस्तीच्या बाबतीत एकच नियम पाळा: जुना आकडा कधीही पुसला जाऊ नये. नवा आकडा, तो कोणी टाकला, केव्हा टाकला आणि का टाकला, हे सर्व जुन्या नोंदीखाली जोडले जावे आणि बदल झाल्याचे सभासदाला त्याच दिवशी कळावे. पुरवठादाराच्या कार्यालयातून केलेली दुरुस्तीही याच नियमात बसली पाहिजे. हा नियम मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या आग्रहावरून आम्ही जुनी नोंद बदलून तिच्याच जागी नवी लिहिण्याची सोय करून दिली होती. पडदा आटोपशीर दिसतो, असे कारण दिले गेले आणि मी ते स्वीकारले. पुढे दोन सभासदांनी आपले आकडे बदलले गेल्याची तक्रार केली, तेव्हा ते खरे बोलत होते की नाही हे सांगण्याचे कोणतेही साधन आमच्याकडे उरलेले नव्हते. सचिव निर्दोष असेल तर त्याला ते सिद्ध करता येत नव्हते आणि सभासदांवर अन्याय झाला असेल तर तो दाखवता येत नव्हता. दोन्ही बाजूंना उघडे पाडणारा तो निर्णय माझा होता.

एकेका हरकतीचा निकाल लावण्याबरोबरच हरकतींचा एकत्रित हिशेबही ठेवा. एकाच यंत्रावर आठवडाभरात नेहमीपेक्षा जास्त हरकती आल्या, तर ती गोष्ट त्या सभासदांची राहत नाही, यंत्राची होते. आणि तसा इशारा सचिवासोबत संचालक मंडळालाही आपोआप गेला पाहिजे. होरायझनच्या चालकांपैकी प्रत्येकाला वर्षानुवर्षे आपण एकटेच आहोत असे वाटत राहिले, कारण तक्रारी एकत्र मांडून पाहण्याची सोय त्यांच्या हातात नव्हती.

दशांशाचा प्रश्न

एक बाब इथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती गणिताची वाटते आणि म्हणून कोणी तिची चर्चा करत नाही. ॲनालायझरने फॅट ३.४७ असा मोजला आणि दरपत्रक दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत असेल, तर तो ३.५ धरायचा की ३.४? प्रोग्रामिंगच्या अनेक भाषांत शेवटचा अंक सरळ कापून टाकणे सोपे असते आणि घाईत तेच केले जाते. समजा, एका पॉइंटमागे, म्हणजे फॅटच्या ०.१ फरकामागे, दरात लिटरला ३० पैशांचा फरक पडतो आणि संस्थेत दररोज १,००० लिटर दूध येते. अंक नेहमी कापला गेला तर सरासरीने अर्ध्या पॉइंटचा, म्हणजे लिटरमागे १५ पैशांचा तोटा सभासदांना होतो. दिवसाला १५० रुपये आणि वर्षाला ५४,७५० रुपये होतात. ही रक्कम कोणी ठरवून घेतलेली नसते, पण ती सभासदांच्या खिशातून गेलेली असते. म्हणून अंक कसा पूर्णांकित करायचा हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये. तो नियम संचालक मंडळासमोर ठेवावा, मंजूर करून घ्यावा आणि दरपत्रकाशेजारी भिंतीवर लावावा. व्याज, दंड, हजेरीची मिनिटे, परीक्षेचे गुण, जिथे जिथे अपूर्णांक आहे तिथे हाच विचार लागू पडतो.

माहिती किती घ्यावी आणि कोणाला दाखवावी

प्रत्येक रकान्यासमोर तो कशासाठी लागतो हे एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिता आले नाही तर रकाना काढून टाका. ‘पुढे उपयोगी पडेल’ हे कारण मान्य करू नका. दूध संस्थेला बँक खाते आणि संपर्काचा क्रमांक लागेल. सभासदाची जात, घरातील माणसांचे शिक्षण किंवा व्हॉट्सॲपवर साठत जाणाऱ्या आधार कार्डांच्या छायाप्रती लागणार नाहीत.

भारतात आता यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. कायद्यातच एक बोलके उदाहरण दिले आहे: दूरवरून वैद्यकीय सल्ला देणारे ॲप सेवेसाठी लागणाऱ्या माहितीबरोबर फोनमधील संपर्कयादीचीही संमती मागते आणि रुग्ण महिला दोन्हींना होकार देते; तरीही संपर्कयादी त्या सेवेसाठी आवश्यक नसल्यामुळे त्या महिलेची संमती केवळ वैद्यकीय सेवेसाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाते. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. म्हणून तुमच्या सभासदांसाठी ती मराठीत, आणि वकिली मराठीत न लिहिता रांगेत उभ्या माणसाला समजेल अशा मराठीत तयार करा. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, हे शाळांनी विशेष ध्यानात घ्यावे.

कायदा पाळला म्हणजे काम संपले असे मात्र समजू नका. सभासदाच्या दहा वर्षांच्या दुधाच्या नोंदी म्हणजे त्याच्या घरात दर दहा दिवसांनी किती पैसा येतो याचा संपूर्ण इतिहास आहे. पशुखाद्य विकणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला आणि विमा विकणाऱ्याला तो हवा असतो. तो द्यायचाच असेल तर सभासदाची स्वतंत्र संमती घ्या, नकार दिला तरी त्याचे दूध त्याच दराने घेतले जाईल हे तिथेच छापा, आणि तो चौकोन आधीच टिक करून ठेवू नका. ग्राहकाला गोंधळात टाकून होकार मिळवणाऱ्या अशा रचनांपैकी १३ प्रकारांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे. मोठी खरेदी-संकेतस्थळे डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली असली तरी लहान ॲप करणाऱ्यांनीही ती एकदा समोर ठेवून आपले पडदे तपासावेत.

घरातील फोन हाही विचारात घ्या. गोठ्याचे काम बाई करते, खाते नवऱ्याच्या नावावर असते आणि बिल जमा झाल्याचा संदेश मुलाच्या फोनवर जातो, असे घर दुर्मीळ नाही. घरातला व्यवहार सॉफ्टवेअर बदलू शकत नाही, पण दुसरा क्रमांक नोंदवण्याची सोय, कागदी पावती आणि संदेश कोणत्या क्रमांकावर जावा हे दूध घालणाऱ्या व्यक्तीला विचारणे, एवढे ते करू शकते. दवाखान्याच्या बाबतीत हीच गोष्ट फार गंभीर होते. ‘आपला अहवाल तयार आहे’ इतकाच संदेश पुरेसा असताना तपासणीचे नाव त्यात लिहिणे म्हणजे रुग्णाचे गुपित घरभर सांगणे होय. एचआयव्हीसारख्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानेच गोपनीयतेचे बंधन घातलेले आहे.

नाव, बोट आणि चेहरा

आपल्याकडे नावाचा रकाना कधीही निरुपद्रवी नसतो. वडिलांचे नाव सक्तीचे केले की एकट्या आईच्या मुलाची नोंदणी अडते; आडनाव सक्तीचे केले की ते न लावणाऱ्याला खोटे काहीतरी लिहावे लागते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. म्हणजे एकाच घरातील दोन भावंडांची नावे वेगवेगळ्या रचनेची असू शकतात आणि तुमच्या प्रणालीने दोन्ही तक्रारीविना स्वीकारली पाहिजेत. देवनागरीतील नाव रोमन लिपीत वेगवेगळ्या प्रकारे लिहिले जाते, म्हणून केवळ अक्षरे जुळली नाहीत यासाठी कोणाचे पैसे अडवू नका. तफावत दिसली की ती माणसाने पाहावी.

बोटांच्या ठशांचेही तसेच आहे. मातीत, विटांत, शेणात वर्षानुवर्षे काम केलेल्या हातांचे ठसे झिजतात, आणि ज्यांना रेशनची सर्वाधिक गरज असते त्यांचेच ठसे यंत्राला ओळखू येत नाहीत. यासाठी २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने आधार प्राधिकरणाने स्वतःच पर्यायी ओळखीची व्यवस्था ठेवण्यास सांगितले होते. तुमच्या प्रणालीत ठसा, चेहरा किंवा ओटीपी वापरणार असाल तर तो न जुळल्यास काय करायचे, याचा पडदा पहिल्याच दिवशी तयार हवा.

चेहरा ओळखणारे किंवा कर्जासाठी गुण देणारे तयार मॉडेल घेत असाल तर पुरवठादाराने सांगितलेल्या एकूण अचूकतेवर थांबू नका. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. सरासरीत हे दिसले नसते. म्हणून तुमच्या सभासदांमधील वयस्कर, स्त्रिया, भूमिहीन मजूर अशा गटांनुसार वेगळे आकडे मागा, आणि ते मिळत नसतील तर त्या मॉडेलला माणसाच्या पैशांविषयी अंतिम निर्णय घेऊ देऊ नका.

विकत घेणाऱ्यांनी काय विचारावे

संचालक मंडळ सहसा किंमत आणि सुविधा पाहून ठराव करते. त्या ठरावापूर्वी पुरवठादाराकडून चार गोष्टी लेखी घ्या: आमच्या नोंदी दुरून कोण बदलू शकते आणि ते आम्हाला कुठे दिसेल, करार संपल्यावर सर्व माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, तुमच्याकडील प्रती केव्हा नष्ट होतील, आणि चूक तुमच्या बाजूची ठरली तर सभासदाची भरपाई कोण करील. यानंतर किमान दोन बिलांच्या मुदतीत हाताची वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवा आणि फरक आला की वहीच चुकली असेल असे आधीच गृहीत धरू नका.

मतभेद झाला तर

वेळ कमी आहे, खर्च वाढेल, ग्राहकाने मागितलेले नाही, ही तीन कारणे तुम्हाला हमखास ऐकू येतील आणि प्रत्येक वेळी ती खोटी नसतात. अशा वेळी अर्ध्या पानाचे टिपण लिहा: काय ठरले, कोणते पर्याय सोडले, त्यामुळे कोणाचा तोटा होऊ शकतो, निर्णय कोणाचा आहे आणि तो पुन्हा कधी तपासायचा. त्यावर निर्णय घेणाऱ्याचे नाव असू द्या. अनेकदा नाव लिहिण्याची वेळ आली की निर्णय बदलतो. तुम्ही कनिष्ठ असाल आणि तुमचे ऐकले गेले नाही, तर आपली हरकत शांत शब्दांत ईमेलने कळवा, तिचे उत्तर मागा आणि तो पत्रव्यवहार जपून ठेवा. संगणक व्यावसायिकांच्या एसीएम या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या आचारसंहितेतही सार्वजनिक हित हाच सर्वोच्च विचार मानला आहे. त्या आधाराने बोललात तर ती केवळ तुमची वैयक्तिक नाराजी राहत नाही. आकडे लपवायला किंवा नोंदी पुसायला सांगितले गेले, तर मात्र तिथे तडजोड करू नका.

प्रणाली सुरू झाल्यानंतर तीन महिन्यांनी एका सकाळी सहा वाजता त्या संस्थेत जा. संगणकामागे बसू नका, रांगेत उभे राहा. पावती हातात घेऊन ती काय सांगते हे शेजारच्या सभासदाला विचारा. मग सचिवाला पूर्वकल्पना न देता एखाद्या सभासदाच्या संमतीने त्याच्या पावतीवर हरकत नोंदवा, आणि तिचे उत्तर कोणाकडून व किती दिवसांत येते ते वहीत लिहून ठेवा.